नानांसाठी पावसाचं पाणी

मी नानांना माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच आशेवर राहायला नको. माणूस म्हातारा झाला की त्याने सगळ्यांना माफ करून मोकळं व्हावं, असा आग्रह हल्ली फार दिसतो. सकाळी फोन उघडावा तर कुणीतरी गुलाबाच्या चित्रावर तसं लिहून पाठवलेलंच असतं. माझे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, गोड बंद झालं, पण तो राग अजून धडधाकट आहे. मी त्याची निगा राखली आहे. निगा राखणं हे एक काम मला पहिल्यापासून चांगलं जमतं, आणि या प्रकरणात मी त्याबद्दलच लिहिणार आहे.

आम्ही तेव्हा जळगावात पिंप्राळ्याला राहत होतो. दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि वर गच्ची. माझे वडील पुंडलिक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, एका डाळ मिलमध्ये मिस्त्री होते. संध्याकाळी ते घरात शिरले की त्यांच्याआधी तुरीच्या टरफलांचा वास शिरायचा, कोरडा आणि थोडा गोडसर. अंघोळ केली तरी कानाच्या पाळीमागे पिवळी भुकटी राहायचीच आणि आई जेवायला वाढता वाढता पदराने ती पुसायची. दिवसभर चाळण्यांच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडणं होतात. आईचं माहेर जामनेरकडचं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा यांच्यावर आमचे आठवड्यातले निम्मे दिवस निघत, आणि ते चांगले निघत.

आईच्या माहेरची एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. भरताच्या वांग्याचं बी तिथल्या बायका एकमेकींना देत, पण नुसतं कधीच देत नसत. ‘हे शेवंताबाईचं बी, तिला तिच्या मावसबहिणीनं दिलेलं,’ असं सांगूनच पुडी हातात ठेवायची. घेणारीने पुढे देताना तेच सगळं पुन्हा सांगायचं आणि शेवटी स्वतःचं नाव जोडायचं. एकदा एका बाईने शेवंताबाईचं बी आपलंच म्हणून पुढे दिलं, तर त्या बाईकडे हळदीकुंकवाला जाणं बायकांनी बंद केलं. चोरी म्हणावी अशी गोष्ट नव्हती ती. बी तर फुकटच मिळत होतं. पण नाव गाळलं, हे कुणाला सहन झालं नाही. मला ते लहानपणीच पटलं होतं आणि आजही पटतं.

त्याच गावाबाहेर डोंगराच्या उतारावर एक झिरा आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत खडकातून पाणी पाझरत राहतं आणि खालची रेताड जमीन ओली असते. अकरावीत असताना दिवाळीत तिथे धुणं धुवायला गेले असताना माझ्या पायाला काहीतरी चिकटलं. वाकून पाहिलं तर वीतभर उंचीची लालसर रोपं, पानं दोऱ्यासारखी, आणि प्रत्येक पानावर केसांच्या टोकांना चिकट थेंब. ऊन चढलं होतं, सगळीकडचं दव वाळलं होतं, यांचे थेंब मात्र तसेच. थेंबांत चिलटं अडकलेली. वर नाजूक गुलाबी फुलं. मामीला विचारलं तर म्हणाली, ‘ते चिकटं गवत हाये. ढोरं बी खात नाहीत त्याले.’ मी वाळलेली बोंडं कागदात झटकली. बी म्हणजे काळी धूळ. शिंकले असते तर ही कहाणी तिथेच संपली असती.

जळगावला आल्यावर मी ग्रंथालयात जाऊन बसले. तिथे वनस्पतींवरचा एक जाडजूड जुना ग्रंथ होता, इंग्रजी, निम्मी पानं सुटलेली. त्यात आमच्या भागातल्या दोन दवबिंदूंचं, म्हणजे चिकट थेंबांनी किडे धरणाऱ्या या रोपांचं, वर्णन होतं. एकाला खोड जवळजवळ नाहीच, पानांची चकती जमिनीला चिकटून बसलेली, फूल पांढरं. तो ड्रोसेरा बर्मानी. दुसऱ्याला उभं खोड, पानं लांब आणि अगदी अरुंद, फूल बहुधा गुलाबी. तो ड्रोसेरा इंडिका. माझा दुसरा होता यात शंकाच नव्हती, कारण मी आई-रोप फुलासकट पाहिलं होतं. आता मी ज्या फोनवरच्या गटात आहे तिथे पोरं नखाएवढ्या रोपाचा फोटो टाकतात आणि नाव विचारतात, आणि दहा जण दहा नावं ठोकून देतात. मी एवढंच लिहिते, ‘फूल येऊ द्या.’ पिल्लू असताना सगळे दवबिंदू सारखेच दिसतात, इवली गोल पानं आणि इवले थेंब.

पहिल्या खेपेला उगवलेली सगळी रोपं मेली. मी नळाचं आणि बोअरचं पाणी घालत होते. आमच्याकडचं पाणी असं की बंबात खार धरतो आणि माठाला बाहेरून पांढऱ्या रेघा पडतात. तो खार या रोपांना सोसत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रोपं काळी पडून गेल्यावर वाळूवरची पांढरी साय पाहून मीच ताडलं. थोडं बी उरवलं होतं. पावसाळा सुरू झाल्यावर पडवीच्या पत्र्याखाली पिंप लावला, त्यावर आईच्या जुन्या पातळाचं फडकं बांधलं, गिरणा नदीची वाळू त्याच पाण्याने धुऊन धुऊन घेतली, पसरट मातीच्या कुंडीत भरली आणि वर बी नुसतं भुरभुरलं. झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. आई म्हणायची, ‘काय करून राह्यली वो तू? वाळूले जेवू घालतं का कोनी?’ मग एके दिवशी वाळूवर हिरवे ठिपके दिसले आणि काही दिवसांनी प्रत्येक ठिपक्यावर टाचणीच्या टोकाएवढा थेंब चमकायला लागला. मी आईला गच्चीवर ओढत नेलं. तिने पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, ‘देताना जामनेरचं सांगजो.’

नाना म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ. धुळ्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. आमच्या कुळातले पहिले पदवीधर, त्यामुळे कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, घराला कोणता रंग, सगळं त्यांना विचारून. ते आले की आई वरण-बट्टी करायची आणि बट्टी फोडून तूप ओतताना तिचा हात एरवीपेक्षा सैल व्हायचा. बाहेर नाना छापील मराठी बोलत, घरात अहिराणी. त्या पावसाळ्यात ते आले, जेवले, ढेकर देत गच्चीवर गेले आणि कुंडी पाहून थबकले. ‘हाई काय शे व, मालू?’ मी आनंदाने सगळं सांगितलं. झिरा, बी, पाणी, नाव. मी त्यांना निम्मी रोपं दिली, दुसऱ्या कुंडीत हलक्या हाताने लावून, रीतीप्रमाणे सांगून, ‘नाना, हे जामनेरच्या झिऱ्याचं बी. ड्रोसेरा इंडिका.’ नानांनी खाली वाकून त्या इवल्या गोल पानांकडे पाहिलं आणि हसले. ‘इंडिका? नही व. मी पुस्तकमा चित्र देखेल शे. हाई बर्मानी. तुले काय समजस?’ मी पुन्हा म्हणाले, फूल गुलाबी होतं नाना, मी पाहिलंय. तोवर ते जिना उतरायला लागले होते.

महिन्याभराने धुळ्याच्या एका छोट्या पेपरात नानांचा फोटो आला. हातात माझी कुंडी. शिक्षकाने शोधली कीटक खाणारी दुर्मिळ वनस्पती, नाव ड्रोसेरा बर्मानी, पांढरी फुले येतात, शोध आणि जोपासना नानांची. भाऊंनी तो पेपर मिलमध्ये सगळ्यांना दाखवला. मला वाटलं पेपरवाल्याने घोळ घातला असेल. पुढच्या वेळी नाना आले की ते सांगतील, अशी मी वाट पाहत होते. इतकी बावळट होते मी.

नाना गणपतीत आले. ताटावर बसल्यावर भाऊंनी विषय काढला. मी बारावीत होते, मला पुढे वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, आणि भाऊंच्या मनात डी.एड. करून मी मास्तरीण व्हावं आणि मग लग्न. भाऊ म्हणाले, ‘नाना, पोरनं झाडंझुडपंमा डोकं चालस. ती रोपं तिनीच वाढाई होती ना?’ ते एरवी इतक्या मोठ्याने बोलत, पण हे त्यांनी जरा दबकत विचारलं. नानांनी बट्टीचा तुकडा वरणात बुडवला. ‘तिनी फक्त पानी टाकं, पुंडलिक. बाकी बठ्ठं मन्हंच शे. डी.एड. करू दे पोरले.’ मी दारात तुपाची वाटी घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शांतपणे, आणि वाटीसाठी हात पुढे केला.

मी तूप वाढलं. मग गच्चीवर गेले आणि आधी रडले. मग रडणं थांबलं आणि डोकं चालायला लागलं. खोटं काय सांगू, ते फार छान चाललं. मी विचार केला, आत्ता आरडाओरडा केला तर कोण ऐकणार? नानांचा शब्द आणि माझा शब्द. पण रोपं तर वाढणार आहेत. त्यांना खोड येणार, पानं दोऱ्यासारखी होणार, फूल गुलाबी येणार. नानांनी स्वतःच्या फोटोखाली छापून ठेवलंय पांढरं. अडचण एकच होती. धुळ्याला नाना त्यांना बोअरचं पाणी घालणार, रोपं मरणार, आणि मेलेलं रोप बर्मानीच राहणार, कायमचं. त्यांना जगवायला हवं होतं.

मी खाली आले आणि नानांना म्हणाले, ‘नाना, तुमच्या रोपांना पावसाचंच पाणी लागतं. मी पाठवत जाईन.’ ‘तुमच्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आणि तो त्यांना फार आवडला. पंधरा मिनिटांपूर्वी जिचं सगळं घेतलं ती पोरगी आपली सेवा करणार म्हणते, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. तशी सवयच होती त्यांना. तेव्हापासून दर आठवड्याला मी पिंपातलं पाणी फडक्यातून गाळून पाच लिटरच्या कॅनमध्ये भरायची आणि सायकलवर कॅन घेऊन स्टँडवर जायची. धुळे गाडीचे एक कंडक्टर होते, पारोळ्याचे, ते कॅन ड्रायव्हरमागे ठेवून घेत. म्हणत, ‘पोरी, धुळ्याला पाणी नाही का, की जळगावहून नेतेस?’ मी म्हणे, ‘माझ्या काकांसाठी आहे, खास.’ धुळ्याला शाळेचा शिपाई उतरवून घ्यायचा. पाऊस ओसरल्यावर मी आईला त्या पिंपातला एक तांब्यासुद्धा घेऊ दिला नाही. आई शेजारणीला सांगायची, ‘नानावर लय माया हाये आमच्या मालूची.’ मी मान खाली घालून हसायची.

दिवाळीत आम्ही धुळ्याला गेलो. मी आधी कुंडी पाहिली. रोपं वर निघाली होती, बोटभर खोड, पानं लांब. आणि दोन रोपांचे शेंडे कात्रीने छाटलेले. नाना म्हणाले, ‘सावलीमुये लांबी गयात, मी जरा बसकी करी ऱ्हायनू.’ सगळी छाटली तर फूल येणार कुठून? मी अगदी साधेपणाने म्हणाले, ‘नाना, प्रदर्शनाला परीक्षक येणार ना? छाटलेलं रोप पाहिलं तर म्हणतील निगा नाही राखली.’ नानांनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. ते विज्ञान प्रदर्शन दिवाळीनंतर त्यांच्याच शाळेत होतं, नाना त्याचे प्रमुख, आणि आमची ती कुंडी मधोमध मांडायची होती. भाऊंना त्यांनी आग्रहाने बोलावलं. भावाचा मान पाहायला.

आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो, मी आणि भाऊ, पायाशी कॅन. हॉलमध्ये कुंडी मधोमध ट्यूबलाइटखाली ठेवलेली, पुढे पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी: ड्रोसेरा बर्मानी, शोध व संवर्धन, आणि खाली नानांचं पदवीसकट नाव. कळ्या आल्या होत्या, पण मिटलेल्या. हे फूल सकाळच्या उन्हात उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, ट्यूबलाइटला ते दाद देत नाही. मी नानांना म्हणाले, ‘नाना, इथे अंधार आहे. फोटो नीट यायचा नाही.’ बस्स. नानांनी शिपायाला हाक मारली आणि स्वतः उभं राहून टेबल पूर्वेच्या खिडकीत हलवून घेतलं. मी कुंडीत पाणी घातलं आणि कॅन भाऊंच्या हातात देऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

परीक्षक म्हणून कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या बाविस्करबाई आल्या होत्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, कुणाचं भाषण मध्येच तोडणाऱ्या. नाना त्यांना कुंडीपाशी घेऊन आले तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि तीन फुलं उमलली होती. गुलाबी. इतकी गुलाबी की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी पाटी वाचली, रोपं पाहिली, पुन्हा पाटी वाचली.

‘हे कुणी ओळखलं?’

‘मी स्वतः,’ नाना म्हणाले, छापील मराठीत.

‘सर, बर्मानी जमिनीला चिकटून बसतो. याला वीतभर खोड आहे.’

‘सावलीमुळे ते जरा लांबलेलं आहे.’

‘आणि फूल? तेही सावलीमुळे गुलाबी झालं?’

मागे उभी असलेली पोरं फिस्सकन हसली. नानांचेच विद्यार्थी. नानांचा फोटो छापणारा तोच पेपरवाला वही उघडून उभा. ‘हा सरळ सरळ इंडिका आहे,’ बाई म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल.’ नानांचे कान लाल झाले. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला कळत होतं की आता ते काहीतरी फेकणार आहेत, जे हाताला लागेल ते. त्यांनी मला पाहिलं, आणि छापील मराठी गळून पडली. ‘मन्ही काय चूक? हाई पोरनी मले चुकीना रोपं दिनात! तिनीच पेरेल शेतस, तिलेच विचारा!’

हे मात्र माझ्या योजनेत नव्हतं. मी फक्त त्यांचं हसं व्हावं एवढंच ठरवलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलं. बाई माझ्याकडे वळल्या. ‘रोपं तुझी आहेत?’ मी म्हणाले, ‘हो. जामनेरजवळच्या झिऱ्याचं बी. नानांना दिली तेव्हाच इंडिका म्हणून सांगून दिली होती.’ बाईंनी कशावर पेरलं, पाणी कोणतं, असं बरंच विचारलं, मी सांगत गेले, आणि सगळा वेळ मी नानांकडेच पाहून सांगत होते. मग भाऊ पुढे झाले. कॅन अजून त्यांच्या हातात होता. नेहमीच्या, चाळण्यांवर मात करणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, आणि अख्ख्या हॉलने ऐकलं, ‘नाना, तुमीच म्हनेल व्हतं ना, तिनी फक्त पानी टाकं?’

बाईंनी पेंटरच्या पाटीवर खडूने काट मारली आणि वर नवीन नाव लिहिलं, आणि खाली माझं. परतीच्या गाडीत पारोळं मागे पडल्यावर भाऊ म्हणाले, ‘ते बी.एस्सी. किती वरीसनं ऱ्हास?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं.’ पुढे मी त्याच विषयात शिकले आणि निवृत्त होईपर्यंत तोच विषय शिकवला, यावर वेगळं प्रकरण आहे.

नानांनी कधी माफी मागितली नाही. लग्नकार्यात भेटत, तेव्हा माझ्या नवऱ्याला सांगत की मालूला या विषयाची गोडी त्यांनी लावली. मी ऐकून घ्यायची. मग अलीकडे, ते पार थकले, धुळ्याच्या घरी खिडकीशी पलंगावर पडून असत, तेव्हा त्यांच्या सुनेचा फोन आला. तुम्ही फोनवर पाठवलेले दवबिंदूंचे फोटो नानांना दाखवले, त्यांना एक कुंडी हवी आहे म्हणतात. त्याच झिऱ्याच्या बियांचा वंश मी आजवर चालवत आले आहे, दर पावसाळ्यात पेरून. मी कुंडी घेऊन गेले. पाटी मीच रंगवली होती, इतक्या मोठ्या अक्षरांत की चष्मा न लावता वाचता यावी: ड्रोसेरा इंडिका. बी जामनेरच्या झिऱ्याचं. पेरणारी मालती. कुंडी खिडकीत ठेवली आणि पाटी पलंगाकडे वळवली.

नाना बराच वेळ वाचत होते. ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘मालू, याले पानी कोनतं टाकानं?’

‘पावसाचंच, नाना,’ मी म्हणाले. ‘मी पाठवत जाईन.’

सून डोळे पुसत म्हणाली, ‘किती माया आहे तुमची त्यांच्यावर.’ मी मान खाली घातली. नाना होते तोवर एकही आठवडा कॅन चुकला नाही. ती रोपं मी मरू देणार नव्हते.